बरणीवरची गिटार

गिटार स्वच्छ ऐकू येईल अशी एक तबकडी मिळवायची, एवढंच माझं काम होतं. त्यात पुढे सरकारी अर्ज, गासची कैरीची बरणी, बाभळीचा काटा, दोन तसबिरींच्या काचा आणि माझी अब्रू या गोष्टी कशा शिरल्या, हे लोक मला अजून विचारतात. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक असतं; सांगताना माझा चेहरा कसा होतो ते पाहायचं असतं. वसईजवळच्या आमच्या पापडी गावात करमणुकीची साधनं कमी.

आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे आलोशियसभाऊ राहतात. आता ते केळी आणि पानवेल करतात, पण लढाईच्या आधी दहा वर्षं मुंबईच्या एका हॉटेलात जॅझच्या बँडमध्ये गिटार वाजवत होते. जॅझ म्हणजे काय हे त्यांनी मला तीनदा समजावलं आहे. मला कळलं ते इतकंच, की एक चाल सगळ्यांनी मिळून सुरू करायची, मग एकेकाने ती आपापल्या मर्जीने मोडायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून काही झालंच नाही असं दाखवायचं. मी ज्या कचेरीत कारकून आहे तिथलं कामकाज याच पद्धतीने चालत असल्यामुळे हे संगीत मला चटकन जवळचं वाटलं. शिवाय माझ्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे. ज्याच्याकडे ग्रामोफोन असतो त्याला संगीतातलं कळतं, असा आमच्या गावात समज आहे आणि तो मी कधी खोडून काढला नाही.

आलोशियसभाऊंच्या बायकोचं, मार्गारेटवहिनींचं मत मात्र वेगळं. दहा वर्षं हा माणूस गिटार मांडीवर घेऊन नुसता बसला आणि पगार घेऊन आला, असं त्या भर विहिरीवर सांगतात. त्याला कारण आहे. छत्तीस साली त्या एकदा हौसेने ते हॉटेल पाहायला गेल्या. दोन तास बसल्या. तिथे ट्रंपेट ऐकू आलं, ढोल ऐकू आला, वेटरच्या हातून पडलेला काटा-चमचाही ऐकू आला. गिटार काही ऐकू आली नाही. नवऱ्याचा हात हलताना दिसत होता, पण हात काय, सुपात तांदूळ पाखडतानाही हलतो. पुढे बँड मोडला, आलोशियसभाऊ गावी आले, गिटार खुंटीला लागली, आणि वहिनींनी तिच्यात पुढच्या वर्षाचं वालाचं बी ठेवायला सुरुवात केली. उंदीर चढत नाहीत आणि हवा खेळती राहते. गिटारीचा इतका चांगला उपयोग आपल्या हयातीत दुसऱ्या कोणी केला नाही, असंही त्या सांगतात.

आलोशियसभाऊ यावर कधी बोलत नाहीत. तो घाईचा माणूस आहे, पण भांडणाचा नाही. घाई मात्र विलक्षण. रोज दिवेलागणीला त्यांच्या घरी जपमाळ होते, ती आम्हांला कुंपणावरून ऐकू येते. सगळं घर प्रार्थनेच्या मध्यावर असतं तेव्हा भाऊंचं आमेन होऊन गेलेलं असतं. माझी बायको जयवंती त्या पहिल्या आमेनवर चुलीवरची आमटी उतरवते.

तर बावन्न साली त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा, मग अंगणात मांडव, साठ माणसं आणि हिलरीचा ब्रास बँड असा बेत ठरला. बेत ठरवताना मीही ओटीवर होतो. त्यांची मुलगी रोझमेरी म्हणाली, पप्पांनी त्या दिवशी गिटार वाजवावी. मार्गारेटवहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"तिच्यात बी आहे. आणि बी ओतून काढलं तरी वाजवणार कोण?"

सगळे हसले. मीही हसलो, हे मला कबूल केलं पाहिजे. आलोशियसभाऊ उठले आणि रहाटाला तेल घालायचं राहिलंय म्हणून विहिरीकडे गेले. थोड्या वेळाने मी घरी निघालो तर ते तिथेच उभे होते. तेलाची बुधली हातात, झाकण लावलेलं, आणि नजर खाली पाण्यावर. मला फार वाईट वाटलं. माणसाने दहा वर्षं एक काम केलं आणि ते केलंच नाही असं त्याच्याच घरात ठरलं, तर त्याने जायचं कुठे? मी तिथल्या तिथे म्हणालो, "आलोशियसभाऊ, गिटार चांगली ऐकू येईल अशी तबकडी मी आणतो. त्या दिवशी साठ माणसांत लावू. वहिनींना कळेल गिटार काय चीज आहे ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिळणार नाही." पण बुधलीचं झाकण काढलं.

मिळणार नाही या शब्दांनी मी पेटतो. सरकारी नोकराला ते शब्द फक्त म्हणायची सवय असते, ऐकायची नसते.

मुंबईला मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला जुन्या तबकड्यांच्या एका दुकानदाराने शपथेवर सांगितलं की हिच्यात गिटारीशिवाय काही नाही, आणि ते खरं निघालं. ती हवाईची गिटार होती. आडवी ठेवून लोखंडाचा तुकडा घासत वाजवतात ती. आलोशियसभाऊंनी अर्धी बाजू ऐकली, टोपी घातली आणि केळीला पाणी सोडायला गेले. आमच्या आळीला मात्र ती फार आवडली. मग हिलरीला बोलावलं. लग्नाकार्यात बँड वाजवणारा हा माणूस सल्ला द्यायला कधी कमी करत नाही. त्याने स्वतःच्या चार जॅझच्या तबकड्या आणल्या आणि प्रत्येकीत गिटार आहे असं छातीवर हात ठेवून सांगितलं. चारही लावल्या. गिटार असेलही, नवरदेवाच्या वरातीत त्याचा चुलत मामा असतो तशी ती असेल. हिलरीचं म्हणणं, पेटीत कान घालून ऐका. मी घातला. तेवढ्यात ट्रंपेट आलं. माझा डावा कान दोन दिवस वाजत होता, पण त्यातही गिटार नव्हती.

भाऊंनी मग मला यातलं मर्म सांगितलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत एकच मायक्रोफोन. ट्रंपेटवाल्याला दारात उभं करतात, ढोलावर घोंगडी टाकतात आणि गिटारवाल्याला स्टुलावर बसवून अगदी पुढे आणतात. हे ज्याने नीट केलं त्याची तबकडी चांगली. बाकीच्यांची नुसती वरात. हे ज्ञान घेऊन मी दुसऱ्यांदा मुंबईला गेलो आणि दुकानदाराला असे काही प्रश्न विचारले की त्याने मला बसायला खुर्ची दिली. या वेळी खरोखरच अमेरिकेची एक तबकडी मिळाली. तिच्यात गिटार अशी ऐकू येत होती की वाजवणाऱ्याचं नख तारेला लागलं तेही कळावं. आलोशियसभाऊंनी डोळे मिटून ती तीनदा ऐकली. मी विजयी मुद्रेने मार्गारेटवहिनींना बोलावलं. त्यांनीही उभ्या उभ्या पूर्ण ऐकली.

"बघा," त्या म्हणाल्या. "हा वाजवतोय तर ऐकू येतंय."

आणि त्या गेल्या. म्हणजे माझ्या दीड महिन्याच्या खटपटीने एवढंच सिद्ध झालं की गिटार वाजवली तर ऐकू येते, आणि आलोशियसभाऊंची ऐकू आली नव्हती. मी त्यांची बाजू मांडायला गेलो होतो आणि त्यांच्या विरुद्ध पुरावा आणून ठेवला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जयवंती म्हणाली, अजून थोडी मदत केलीत तर ते बिचारे गाव सोडून जातील.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतःच विषय काढला. छत्तीस साली त्यांच्या बँडची एक तबकडी निघाली होती. तिच्यात वीस-पंचवीस सेकंद फक्त गिटार आहे, आणि त्या वेळी ते स्टुलावर अगदी पुढे बसले होते. सहा प्रती मिळाल्या त्या त्यांनी नातेवाइकांना वाटल्या, कारण तेव्हा घरी ग्रामोफोन नव्हता. बहुतेक नातेवाइकांकडेही नव्हता. आता एकीचाही पत्ता नाही. इतक्या वर्षांत हे बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुरावा नसताना बोलून काय करायचं. हा माणूस आमच्या कचेरीत असता तर बढतीला गेला असता.

आठवडाभर मी सायकलवरून त्यांचे नातेवाईक पालथे घातले. एक प्रत फुटली होती, एक मुलांनी भिरकावून खेळण्यात घालवली होती, तिघांना असं काही मिळाल्याचं आठवतच नव्हतं. शेवटी गास गावी मार्गारेटवहिनींच्या माहेरी गेलो. त्यांची आई, पॉलिनआजी, पंच्याऐंशीच्या घरातली, ओटीवर बसली होती. मी तबकडीचं विचारलं. तिला कळेना. मी हाताने गोल करून दाखवला, काळी, मधे भोक. आजी उठली, आत गेली आणि मला फडताळापाशी नेलं. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीवर ती होती. सोळा वर्षं होती. मधल्या भोकात आजीने बुचाची दांडी बसवली होती, उचलायला सोपं जावं म्हणून.

"जावयाने दिलंय," आजी अभिमानाने म्हणाली. "मुंबईचं झाकण आहे. असं झाकण मिळत नाही."

ते झाकण सोडवायला मला तीन तास आणि जयवंतीच्या लग्नातली एक चिनी बशी खर्ची घालावी लागली. बशी बरणीवर नीट बसते का हे आजीने चारदा पाहिलं, आणि समारंभ झाला की झाकण परत द्यायचं असं माझ्याकडून वदवून घेतलं. मी शब्द दिला.

घरी आणून तबकडी रिठ्याच्या पाण्याने पुसली. मिठाचा थर निघाला, पण कडेला ओल आणि बुरशी राहिली. आता वसईत वस्तूला ओल आली की माणूस काय करतो? ऊन दाखवतो. आम्ही गाद्यांना ऊन दाखवतो, पापडांना, मिरच्यांना, जमिनीच्या कागदांना दाखवतो. शेजारी जो आला त्याने हेच सांगितलं, ऊन दाखवा. आमच्या अंगणात बांबूच्या माचावर राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत होती. तिच्या शेजारी मी तबकडी ठेवली. घटकाभरच ठेवायची होती. पण एप्रिलची दुपार होती, सुकेळीचा गोड वास सुटला होता आणि ओटीवर वारा होता. मी जागा झालो तेव्हा सुकेळी उत्तम वाळली होती आणि तबकडी माचाच्या दोन बांबूंमधून खाली लोंबत होती, चिमट्यावर धरलेल्या पोळीसारखी.

कुंपणापाशी आलोशियसभाऊ उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला रडू आलं नाही, इतकंच म्हणतो. त्यांनी तबकडी दोन्ही हातांवर अलगद घेतली आणि म्हणाले, "मऊ आहे तोवर काही तरी करू." मी त्यांच्या जागी असतो तर आधी शेजाऱ्याचं काही तरी केलं असतं.

उपाय त्यांनाच सुचला. दोन सपाट काचा, मधे तबकडी, वर वजन, आणि पुन्हा तेच ऊन. काचा लगेच हव्या होत्या. एक मी माझ्या प्रशस्तिपत्रकाची काढली. वीस वर्षांच्या बिनचूक नोकरीबद्दल मला ते मिळालं होतं. ‘बिनचूक’ हा शब्द त्या दिवशी उघडा पडला हे बरंच झालं. दुसरी काच भाऊ घरातून घेऊन आले. वर आमचा पाटा ठेवला. दोन्ही वाड्यांतली माणसं भोवती बसली. हिलरी म्हणाला की पाट्यावर आणखी एक माणूस बसवावा, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसलो नाही. एवढा स्वाभिमान माझ्याकडे उरला होता.

तबकडी सपाट झाली, एक कड सोडून. पण संध्याकाळी मार्गारेटवहिनी काच शोधत आल्या. भाऊंनी आणलेली काच त्यांच्या लग्नाच्या फोटोची होती. पंचविसाव्या वाढदिवसाला चार दिवस राहिलेले, आणि भिंतीवर नवरा-नवरी उघडे. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहून जयवंतीशी बोलल्या. ते जास्त लागतं.

आता उरला अर्ज. अंगणात साठ माणसांसमोर यंत्र वाजवायचं तर परवानगी घ्यावी, असं माझ्या मनाने घेतलं. कोणी मागितली नव्हती. पण मी नियमाचा माणूस. मी अर्ज लिहिला, कचेरीत दिला, आणि तो रीतसर माझ्याच मेजावर आला. मी त्याला आवश्यक त्या शंका काढून वर पाठवला. वरून आणखी शंका काढून तो परत आला. वादकाचं नाव काय? आलोशियस. वादक उपस्थित राहणार का? होय. वाजवणार का? नाही. मग वाजवणार कोण? तेच, पण सोळा वर्षांपूर्वीचे. यावर वरचा शेरा आला की तबकडीवर फक्त बँडचं नाव असून वादकाचं नाही, तरी वादकाची ओळख पटवून द्यावी. साहेबाने आणि मार्गारेटवहिनींनी एकच प्रश्न विचारला होता.

शनिवारी आणखी एक अडचण. मिठाने खाल्लेल्या त्या रेघांवर पोलादी सुई चालेना, नुसती करकर. भाऊ म्हणाले, मुंबईत काही शौकीन काट्याची सुई लावत, आवाज मऊ येतो. झालं. पापडीत काट्यांचे तज्ज्ञ घरोघर निघाले. बोरीचा, करवंदीचा, लिंबाचा. मार्गारेटवहिनींच्या घरून शिंगाळा माशाचा काटा सुचवण्यात आला, तेव्हा मी भीत भीत दारावर आलेल्या कोळणीला विचारलं. ती टोपली डोक्यावरून न उतरवताच म्हणाली, "काटा पायजे नि मासा नको? मंग मासा कोन खानार?" तोवर जयवंतीने आतून बजावलं की ज्या यंत्रावर आपण भजनं ऐकतो त्यात माशाचा काटा लागणार नाही. शेवटी बाभळीवर तडजोड झाली. काटे काढताना एक माझ्या टाचेत गेला. तो अजून निघालेला नाही.

रविवार उजाडला. मिस्सा झाली, जेवणं झाली, दारूबंदीचे दिवस असल्याने सगळ्यांनी सरबतच घेतलं आणि काही जण त्या सरबताने फार आनंदी झाले. ऊन कलल्यावर मी ग्रामोफोन मांडवात मेजावर ठेवला. लंगडत गेलो, म्हणून लोकांना वाटलं भाषण करणार. मार्गारेटवहिनी नव्या लुगड्यात पुढे बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी गासहून आलेली पॉलिनआजी. आजीने तबकडी ओळखली आणि शेजारणीला सांगितलं, हे माझं झाकण. आलोशियसभाऊ मांडवाच्या खांबापाशी उभे होते. खांब पडेल म्हणून धरावा तसा त्यांनी तो धरला होता. मी चावी दिली आणि काटा टेकवला.

आधी ट्रंपेट, ढोल, सगळी वरात. वाकडी राहिलेली कड प्रत्येक फेऱ्याला धप् करत होती, आणि धप् झालं की मुलं हसत होती. मग एकाएकी सगळे थांबले आणि गिटार आली.

कोरडी, स्वच्छ, अगदी जवळ. कोणी शेजारी बसून वाजवावी तशी. हिलरीने तोंडाजवळ नेलेला पेला तसाच धरला. सूर एकामागून एक पायऱ्या उतरत होते, नीट, मोजून, आणि मग शेवटाकडे त्यांना घाई झाली. आधी थोडी, मग बरीच. बँड येऊन मिळायच्या आत, चांगला एक ठोका आधी, गिटार संपून मोकळी झाली होती. मागून बँड धावत आला.

तबकडी थांबली. मार्गारेटवहिनी म्हणाल्या, "परत लावा."

मी परत लावली. त्या मान पुढे घालून ऐकत होत्या. गिटारीला घाई सुटली तशी त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या, आणि मग पाहिलं तर दोन्ही चाललं होतं.

"हा रोझमेरीचा बापच," त्या म्हणाल्या. "जपमाळेलाही असाच पुढे पळतो. दुसरा कोणी असणं शक्य नाही."

आलोशियसभाऊंनी खांब सोडला. "बँडमास्तरही हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "म्हणून तर पुढच्या तबकडीला त्याने मला घेतलं नाही."

सोळा वर्षं त्यांनी ही तबकडी शोधली का नाही, ते मला तेव्हा कळलं. वहिनींनाही कळलं असावं, कारण त्या उठून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी हिलरीने हौसेने चावी जास्त दिली आणि तबकडी कडेपासून मधल्या भोकापर्यंत तडकली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चावी हिलरीने दिली होती, हे मी आजही सांगतो, पण कोणी मनावर घेत नाही. पॉलिनआजीने ती तडकलेली तबकडी रुमालात बांधून मागून घेतली. चिनी बशी निसटते, म्हणाली. बशी मात्र तिने परत केली नाही.

सोमवारी कचेरीत मी त्या अर्जावर शेरा लिहिला: ‘वादकाची ओळख त्याच्या पत्नीने समक्ष पटवली. सबब प्रकरण निकाली.’ साहेबांनी न वाचता सही केली. परवानगी मिळाली, समारंभ होऊन एक दिवस झाला होता. घरी आलो तर कुंपणापलीकडे मार्गारेटवहिनी गिटार पालथी धरून हलवत होत्या आणि वालाचं बी सुपात पडत होतं. शेवटचे दोन-चार दाणे निघेनात म्हणून त्यांनी भाऊंना हाक मारली. मला बोलावलं नाही, ते शहाणपणच म्हणायचं.

दिवेलागणीला जपमाळ सुरू झाली. मी टाचेला एरंडाचं पान बांधून ओटीवर बसलो होतो आणि सवयीने भाऊंच्या आमेनची वाट पाहत होतो. ते नेहमीसारखंच सगळ्यांच्या आधी आलं. पण आज ते दोन आवाजांत होतं. भाऊंच्या बरोबर वहिनीही पळत येऊन पोचल्या होत्या. बाकीचं घर मागे राहिलं होतं, आणि जयवंतीने आमटी उतरवली.